जुन्या गाडीचा हेडलाइट मंद का होतो? हरवलेल्या २.८ व्होल्टचा शोध

जीपच्या बॅटरीवर १४.१ व्होल्ट होते आणि हेडलाइटच्या बल्बवर ११.३. इंजिन चालू, लाइट लावलेले, मल्टिमीटर हातात. मधल्या वाटेत २.८ व्होल्ट कुठे तरी खर्च होत होते. ते शोधायला मला एक रविवार लागला. त्याआधी दोन वर्षं मी नुसते बल्ब बदलत होते.

ही जीप बाबांनी १९८९ साली बागेच्या कामासाठी घेतली. सात इंची गोल हेडलाइट, लांबचा (हाय) आणि जवळचा (लो) उजेड बदलायला डाव्या पायाने दाबायचा डिपर, आणि सगळीकडे लोखंडी पत्रा. बाग रत्नागिरीजवळ खाडीच्या कडेला, म्हणजे खारा वारा बारा महिने आणि त्यातले चार महिने पाऊस. आंब्याच्या दिवसांत पेट्या घेऊन कोल्हापूरला जाणं, रात्रीचं परतणं, हे ठरलेलं. जूनच्या सुरुवातीला एकदा आंबा घाटातून साखरप्याकडे उतरत होते. धुकं आणि भुरभुर पाऊस. समोरून एक ट्रक वर चढून गेला आणि तो गेल्यावर मला रस्त्याची कडच दिसेना. हेडलाइट चालू होते, पण त्यांचा उजेड रॉकेलच्या दिव्यासारखा पिवळा होता. पहिल्या गिअरवर, काचेतून डोकं बाहेर काढून, मी तो घाट उतरले. ज्यांच्याकडे पंधरा-वीस वर्षांपेक्षा जुनी गाडी आहे त्यांना हा पिवळा उजेड ओळखीचा असणार. त्यामागची वीज समजून घेतली तर बहुतेक वेळा दुरुस्ती घरच्या घरी होते, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी रहाट समजून घेऊ

आमच्या जुन्या विहिरीवर रहाट होता. पोहरे भरून वर यायचे, पन्हळीत पाणी ओतायचे आणि रिकामे होऊन पुन्हा खाली जायचे. माळ कुठेही अडली, वर जाताना किंवा खाली येताना, तरी पाणी सारखंच थांबायचं. गाडीतली वीज अशीच फिरते. बॅटरीच्या पॉझिटिव्हकडून निघते, फ्यूज, स्विच, डिपर ओलांडून बल्बपर्यंत येते, तिथे आपली ताकद ओतते आणि निगेटिव्हकडे परत जाते. परतीच्या वाटेसाठी गाडीत सहसा वेगळी लांब वायर नसते. गाडीचा पत्रा आणि चेसिस हीच परतीची वाट. तिलाच आपण अर्थ म्हणतो.

जुन्या गाडीत हीच परतीची वाट सर्वांत आधी बिघडते आणि सर्वांत शेवटी तपासली जाते. जीपमध्ये पाहा. बल्बची अर्थ वायर हेडलाइटच्या वाटीला, वाटी पुढच्या जाळीच्या पत्र्याला, जाळी मडगार्डला, मडगार्ड बॉडीला, बॉडी चेसिसला, आणि चेसिसवरून जाड पट्टीने बॅटरीला. प्रत्येक जोडावर एक बोल्ट, बोल्टखाली रंग, रंगाखाली गंज. कारखान्यातून आली तेव्हा हे सगळे जोड घट्ट आणि स्वच्छ होते. तीस-पस्तीस वर्षं खाऱ्या हवेत काढल्यावर त्यातला प्रत्येक जोड थोडी थोडी वीज अडवू लागतो.

पॉझिटिव्हकडची वाटही वाटते तेवढी सरळ नाही. बॅटरी बॉनेटखाली, हेडलाइट तिच्यापासून जेमतेम तीन फुटांवर. पण वायर आधी डॅशबोर्डवरच्या स्विचकडे जाते, तिथून खाली पायाकडच्या डिपरला, मग फायरवॉलमधून, म्हणजे इंजिनमागच्या पत्र्यातून, पुन्हा पुढे. तीन फुटांचा प्रवास वायरला पंधरा फुटांचा पडतो, आणि वाटेत पाच-सहा कपलर (वायरी जोडणारे प्लग) आणि दोन स्विच लागतात.

थोडे व्होल्ट कमी झाले तर काय बिघडतं?

खूप बिघडतं. हॅलोजन बल्बचा उजेड व्होल्टच्या प्रमाणात कमी होत नाही, त्याहून कितीतरी झपाट्याने कमी होतो. व्होल्ट १० टक्के घटले की उजेड साधारण ३० टक्के घटतो. आपल्याकडच्या बहुतेक जुन्या गाड्यांत एच-४ नावाचा तीन पायांचा बल्ब असतो, १२ व्होल्ट, ६०/५५ वॅट: हाय बीमची तार (फिलामेंट) ६० वॅटची, लो बीमची ५५ वॅटची. त्याचा उजेड १३.२ व्होल्टवर मोजून ठरवलेला असतो. माझ्या जीपमधल्या ११.३ व्होल्टवर तो बल्ब आपल्या उजेडाच्या जेमतेम ६० टक्के उजेड देत होता. शिवाय तार पुरेशी तापत नसल्याने जो काही उजेड पडत होता तोही पिवळा. अशा वेळी नवा बल्ब घातला तर तोही तितकाच पिवळा पेटतो. आठवडाभर बरा वाटतो, कारण काच स्वच्छ असते आणि आपल्याला बरं वाटून घ्यायचं असतं.

उलट बाजूही लक्षात ठेवा. व्होल्ट ५ टक्के जास्त झाले तर बल्बचं आयुष्य जवळपास निम्म्यावर येतं. बल्ब वरचेवर उडत असतील तर आधी इंजिन थोडं रेस करून बॅटरीवरचे व्होल्ट मोजा. १३.८ ते १४.४ असतील तर ठीक. १५ च्या वर जात असतील तर अल्टरनेटरचा, म्हणजे बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राचा, रेग्युलेटर बिघडला आहे, आणि तो बॅटरीही उकळवून टाकतो.

लक्षणावरून अंदाज

हत्यार हातात घेण्याआधी पाच मिनिटं नुसतं पाहा. संध्याकाळी गाडी भिंतीसमोर उभी करा, लाइट लावा, डिपर दाबा, इंडिकेटर लावा, हॉर्न वाजवा. काय बदलतं ते बघा.

एकाच बाजूचा दिवा गेला असेल तर दोष त्या बाजूलाच आहे: बल्ब, त्याचा होल्डर, त्या बाजूची अर्थ, किंवा गाडीत दोन्ही बाजूंना वेगळे फ्यूज असतील तर त्या बाजूचा फ्यूज. डावा-उजवा बल्ब एकमेकांच्या जागी घालून बघितला की बल्बचा प्रश्न निकालात निघतो. दोन्ही बाजूंचा फक्त लो किंवा फक्त हाय गेला असेल तर डिपर. दोन्ही बल्बांची एकच तार एकाच दिवशी जळणं क्वचितच घडतं. दोन्ही दिवे, दोन्ही बीम, सगळंच बंद असेल तर फ्यूज, मुख्य स्विच किंवा त्याच्याकडे येणारी वायर. रेस केल्यावर उजेड वाढतो आणि आयडलवर मंदावतो, असं असेल तर बॅटरीची टर्मिनल, अल्टरनेटरचा पट्टा आणि चार्जिंग आधी बघा. दहा-पंधरा मिनिटांनी दिवे आपोआप जातात आणि थोड्या वेळाने परत येतात, असं असेल तर एखादा जोड किंवा स्विच तापतो आहे. काही जुन्या स्विचांच्या आत तापल्यावर उघडणारी पत्र्याची पट्टी असते, ती गार झाली की पुन्हा जोडली जाते.

आणि एक लक्षण असं आहे की ते पाहून भलेभले चक्रावतात. लो बीम लावला की एका दिव्यात तांबूस, मरगळलेला उजेड येतो, इंडिकेटर लावला की तोही दिवा सोबत लुकलुकतो, आणि हाय बीमची निळी खूण डॅशबोर्डवर अर्धवट पेटते. अनेकांना वाटतं वायरिंग कुठे तरी एकमेकांना चिकटलं. खरं कारण बहुतेकदा साधं असतं: त्या बाजूची अर्थ तुटलेली आहे.

घडतं ते असं. एच-४ बल्बमध्ये दोन तारा असतात आणि दोघींचा परतीचा पाय एकच असतो. तो पाय अर्थला पोहोचला नाही की लो बीमच्या तारेतून आलेल्या विजेला परतीची वाट उरत नाही. मग ती त्याच बल्बच्या हाय बीमच्या तारेत उलटी शिरते, हाय बीमच्या वायरने पलीकडच्या दिव्याकडे जाते, त्या दिव्याच्या हाय बीमच्या तारेतून जाऊन त्याच्या शाबूत अर्थला मिळते. एकाच बल्बची वीज तीन तारांत वाटली गेली म्हणून प्रत्येकीत तांबूस धुगधुगी. निळी खूण हाय बीमच्याच वायरवर बसलेली, म्हणून तीही अर्धवट पेटते. वीज परत जाण्यासाठी मिळेल ती वाट धरते, हे एकदा डोक्यात बसलं की जुन्या गाडीतली निम्मी भुताटकी संपते.

मल्टिमीटर कधी फसवतो

इथे थोडं थांबते, कारण माझी दोन वर्षं याच चुकीत गेली. मी बल्बचा कपलर काढून त्यात मल्टिमीटरची टोकं घालत होते. मीटर १२.५ दाखवायचा. म्हणजे वीज तर येते आहे, मग दोष बल्बचा, असा निष्कर्ष काढून नवा बल्ब.

डिजिटल मीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट ओढत नाही. वायरच्या वीस तारांपैकी एकोणीस तुटल्या असल्या तरी उरलेल्या एकीतून मीटरपुरती वीज आरामात येते आणि मीटर पूर्ण व्होल्ट दाखवतो. बल्ब मात्र साडेचार अँपिअरहून जास्त ओढतो, दोन्ही मिळून नऊ-सव्वानऊ. एवढा भार आला की ती एक तार हात टेकते. बंद फाटकासमोर माणूस एकटा असला तर कडेच्या फटीतून आत जातो, जत्रा नाही जात. म्हणून मोजमाप नेहमी बल्ब जोडलेला आणि पेटलेला असताना करायचं.

ओहम मोजूनही हेच फसणं होतं. एखाद्या गंजलेल्या जोडाचा अडथळा ०.१ ओहम असेल तर साधा मीटर तो जवळपास शून्य दाखवतो. पण त्यातून ९.२ अँपिअर गेले की तिथेच ०.९२ व्होल्ट खर्ची पडतात. जोड चांगला की वाईट हे त्यातून वीज वाहत असतानाच कळतं.

वायरमन लोक टेस्ट लॅम्प वापरतात: ५ वॅटचा छोटा बल्ब, दोन वायरी, एकीला क्लिप, दुसरीला सुई. वीज आहे की नाही हे बघायला तो मीटरपेक्षा भरवशाचा, कारण तो स्वतः थोडा तरी करंट ओढतो. मात्र किती कमी पडते हे कळायला मीटरच लागतो.

२.८ व्होल्ट कुठे गेले

पद्धत सोपी आहे. इंजिन चालू, लो बीम लावलेला, बल्ब कपलरसकट जागेवर. कपलरच्या मागच्या बाजूने मीटरचं टोक आत सरकवायचं, वायरचं इन्सुलेशन भोसकायचं नाही. भोसकलेल्या जागेतून पुढच्या पावसाळ्यात पाणी शिरतं आणि आतलं तांबं हिरवं पडतं.

पहिलं माप: एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हच्या शिशाच्या खुंटीवर, दुसरं बल्बच्या अर्थ पायावर. अर्थ चांगली असेल तर इथे ०.२ पेक्षा जास्त यायला नको. मला १.१ मिळाले.

दुसरं माप: एक टोक पॉझिटिव्ह खुंटीवर, दुसरं बल्बच्या लो बीमच्या पायावर. इथे ०.५ पर्यंत चालतं. मला १.७ मिळाले.

१.१ आणि १.७ मिळून २.८. हिशेब जुळला. हा हिशेब जुळणं महत्त्वाचं आहे. तो जुळला नाही तर कुठलं तरी टोक नीट टेकलेलं नाही.

पॉझिटिव्हचे १.७ मग एकेक टप्प्याने शोधायचे. मीटरची दोन टोकं एकाच स्विचच्या आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या वायरवर ठेवली की त्या स्विचमध्ये किती जातात ते थेट कळतं. डॅशबोर्डच्या स्विचमध्ये ०.७, पायाच्या डिपरमध्ये ०.६, उरलेले ०.४ वायरी, फ्यूज आणि कपलरमध्ये. पायाचा डिपर पाहिल्यावर मला नवल वाटलं ते एवढंच की तो इतकी वर्षं चालला. पावसात भातखाचरातला चिखल बुटांसकट त्याच्यावरच येत होता.

०.७ व्होल्ट ऐकायला क्षुल्लक वाटतात. पण त्यातून नऊ अँपिअर जात असतील तर सहा वॅटहून जास्त उष्णता त्या स्विचच्या नखाएवढ्या संपर्कबिंदूवर तयार होते. उष्णतेने संपर्क काळा पडतो, काळा पडला की अडथळा वाढतो, अडथळा वाढला की अजून तापतो. लाइट लावून अर्ध्या तासाने स्विच हाताला गरम लागत असेल तर हे चक्र सुरू झालेलं आहे.

मीटर नसेल तर एक झटपट परीक्षा आहे. एक जाड वायर घ्या, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं पेटलेल्या हेडलाइटच्या अर्थला लावा. उजेड एकदम उसळला तर अर्थ खराब, दुसरं काही सिद्ध करायची गरज नाही.

पण हे करण्याआधी एक गोष्ट पक्की तपासा. माझ्या जीपमध्ये स्विच पॉझिटिव्हच्या वाटेवर आहे. जिप्सीसारख्या जपानी आराखड्याच्या काही गाड्यांत उलट असतं: बल्बच्या सामाईक पायावर पॉझिटिव्ह येतो आणि स्विच-डिपर हे अर्थच्या बाजूला बसवलेले असतात. तिथे सामाईक पायाला अर्थ समजून निगेटिव्हची वायर लावली तर थेट शॉर्ट. ओळखायचं असं: दोन्ही हेडलाइटचे कपलर बल्बपासून काढा, टेस्ट लॅम्पची क्लिप बॅटरीच्या निगेटिव्हला लावा, लाइट लावून एका कपलरच्या तीनही पायांना सुई टेकवा, लो आणि हाय दोन्ही करून बघा. एकच पाय दोन्ही वेळा पेटला आणि बाकीचे दोन कधीच पेटले नाहीत, तर तुमची गाडी या दुसऱ्या जातीची. लो ला एक पाय आणि हाय ला दुसरा पेटला, तर माझ्या जीपसारखी.

दुरुस्ती, ज्या क्रमाने मी केली

सुरुवात बॅटरीच्या टर्मिनलपासून. आधी निगेटिव्ह काढायची, लावताना ती शेवटी. हातातल्या बांगड्या, अंगठ्या, घड्याळ उतरवून ठेवायचं. बॅटरीच्या खुंट्यांतून पान्याने किंवा बांगडीने शॉर्ट झाला तर क्षणात हात भाजतो. टर्मिनलवर पांढरं-हिरवं फुललेलं असेल तर गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवायचं, पुसून कोरडं करायचं, पॉलिश पेपरने शिसं चकचकीत करायचं, घट्ट आवळायचं आणि मग वरून पेट्रोलियम जेली. जेली आधी लावायची नाही, जोड धातूला धातू लागूनच झाला पाहिजे.

मग अर्थ. दोन्ही हेडलाइटच्या अर्थ वायरी मी जाळीच्या पत्र्यावर अवलंबून ठेवल्याच नाहीत. दोन्हीकडून २.५ चौरस मिलिमीटरची नवी तांब्याची वायर थेट बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत आणली. टोकांना लग (भोकाची धातूची टोकं) क्रिम्प केले, म्हणजे दाबून बसवले, नुसती पिळून टेप गुंडाळली नाही. पिळलेला जोड खाऱ्या हवेत दोन पावसाळेही टिकत नाही. बॅटरीपासून चेसिसला जाणारी पट्टी काढली, तिच्या बोल्टखालचा रंग आणि गंज खरवडून उघडा पत्रा काढला, दात्यांचा वॉशर घालून आवळली. एवढं झाल्यावर अर्थकडची गळती १.१ वरून ०.१ वर आली आणि बल्बवर १२.३ व्होल्ट. बल्ब किंवा स्विच न बदलता उजेड एक तृतीयांशाने वाढला. तुम्हाला एकच काम करायला वेळ असेल तर हे करा.

पायाचा डिपर काढून उघडला, संपर्क घासले, पुन्हा बसवला. ०.६ चे ०.२ झाले. आता बल्बवर १२.७.

इथे थांबता आलं असतं. पण डॅशबोर्डच्या स्विचवरचा भार मला कमी करायचा होता, म्हणून रिले बसवले. रिले म्हणजे विजेने दाबला जाणारा स्विच. आत एक लहान कॉइल असते, तिला जेमतेम ०.१५ ते ०.२ अँपिअर लागतात. जुना स्विच आणि जुनं वायरिंग आता फक्त या कॉइलला वीज पुरवतात. दिव्यांसाठी लागणारे नऊ-दहा अँपिअर बॅटरीकडून नव्या जाड वायरीने, आखूड वाटेने, थेट दिव्यांकडे जातात. एक रिले लो बीमसाठी, एक हाय बीमसाठी. चार पायांच्या रिलेवर आकडे कोरलेले असतात: ३० वर बॅटरीची वीज, ८७ वरून दिव्याला, ८५ आणि ८६ कॉइलची दोन टोकं. त्यातलं एक टोक जुन्या हेडलाइट वायरीला, दुसरं अर्थला.

बॅटरीकडून येणाऱ्या वायरीवर बॅटरीच्या अगदी जवळ, वीतभराच्या आत, फ्यूज घालायचाच. तो दिव्यासाठी नसतो, वायरसाठी असतो. फ्यूजच्या अलीकडे वायर कुठे घासून पत्र्याला लागली तर तिला अडवणारं काही नाही, आणि जुन्या गाडीला आग लागण्याचा तोच रस्ता आहे. प्रत्येक रिलेला १५ अँपिअरचा वेगळा फ्यूज ठेवला तर एक उडाला तरी दुसरा बीम हातात राहतो.

वायरच्या जाडीवर कंजुषी नको. १ चौरस मिलिमीटरची चार मीटर वायर ९.२ अँपिअरला ०.६ व्होल्टहून थोडे जास्त खाते. २.५ ची दोन मीटर फक्त ०.१३.

रिले बसल्यावर बल्बवर १३.६ व्होल्ट आले. ११.३ च्या तुलनेत उजेड पावणेदोन पटीहून जास्त, तोही त्याच बल्बमधून.

फ्यूज वारंवार उडत असेल तर

हा वेगळा रोग. इथे वीज अडत नाही, मधूनच पळून जाते. मोठा फ्यूज घालणं, किंवा फ्यूजच्या जागी तांब्याची तार किंवा सिगारेटच्या पाकिटाची चांदी लावणं, हे मी आमच्याकडच्या गाड्यांत अनेकदा पाहिलं आहे. कृपया करू नका. फ्यूज वितळला नाही तर वायर वितळते.

शॉर्ट शोधायची एक जुनी वायरमन-युक्ती आहे आणि ती मला फार आवडते. दोन्ही हेडलाइटचे कपलर काढून ठेवायचे. फ्यूज काढून त्याच्या जागी एक जुना ५५ वॅटचा बल्ब वायरीने जोडायचा. लाइटचा स्विच लावायचा. शॉर्ट असेल तर हा बल्ब भक्क पेटतो, आणि मजा ही की बल्बच करंट अडवून धरतो, त्यामुळे काही जळत नाही, कितीही वेळ शोधा. मग वायरिंग हळूहळू हलवत जायचं. जिथे हलवल्यावर बल्ब विझतो, दोष तिथे. जाळीतून वायर जाते ते भोक, स्टिअरिंगचा खांब, मडगार्डच्या आतली बाजू, या घासण्याच्या नेहमीच्या जागा. बागेत उभ्या राहणाऱ्या गाड्यांत उंदीरही आलेच.

आणखी दोन गोष्टी बल्बच्या

हॅलोजनच्या काचेला बोट लावू नका. बोटाचं तेल तापून त्या जागी काच कमजोर होते. लागलंच तर स्पिरिटने पुसा. आणि १००/९० वॅटच्या मोठ्या बल्बांचा मोह टाळा. दोन मिळून सोळा अँपिअरहून जास्त ओढतात. जे वायरिंग नऊ अँपिअरला दमलं आहे ते सोळाला होल्डर वितळवतं, समोरच्याचे डोळे दिपतात ते वेगळंच, आणि असे बल्ब रस्त्यावर चालवायला परवानगीही नाही. एच-४ साठी बनवलेल्या रिफ्लेक्टरमध्ये घालायच्या एलईडी बल्बांबद्दल माझं मत अजून अनुकूल नाही. रिफ्लेक्टरचा आकार त्या दोन तारांच्या नेमक्या जागेवर बेतलेला असतो, उजेडाची जागा जराशी हलली की प्रकाश रस्त्याऐवजी झाडांवर आणि समोरच्या गाडीच्या काचेवर जातो.

बल्बवर १३ व्होल्टहून जास्त येत असूनही उजेड मेलेलाच असेल तर विजेचा शोध थांबवा आणि रिफ्लेक्टरमध्ये डोकावून पाहा. आतला आरसा काळपट, सोललेला किंवा डागाळलेला असेल तर दिवाच बदलावा लागतो. माझ्या डाव्या दिव्यात पाणी शिरून तसंच झालं होतं.

काम संपल्यावर दिव्यांचा नेम पुन्हा लावा. मंद असताना वर पाहणारा दिवा कोणाला त्रास देत नव्हता. आता देईल.

दरवर्षी मृगाच्या आधी मी तीन आकडे मोजते आणि बॉनेटच्या आतल्या बाजूला मार्करने लिहिते: बॅटरीवर किती, बल्बवर किती, अर्थकडे किती गेले. गेल्या वर्षीची ओळ आहे १४.०, १३.५, ०.१. यंदा उजव्या दिव्याला अर्थमध्ये ०.३ निघाले. नव्या वायरीचा लग बघावा लागेल, पाऊस सुरू व्हायच्या आत.